खोल पाण्यात आधी डोके बधिर होते

दक्षिण ऑस्ट्रेलियात माउंट गॅम्बियर नावाचे शहर आहे. आजूबाजूची जमीन चुनखडीची. पाणी हजारो वर्षे झिरपत राहिले की असा खडक विरघळतो, आत पोकळ्या होतात आणि कुठे कुठे वरचे छत कोसळून पाण्याने भरलेली भोके उघडी पडतात. त्यांतलेच एक ‘द शाफ्ट’. वर शेतात एक माणूस जेमतेम उतरेल एवढेच तोंड, आणि खाली शंभर मीटरहून खोल पाण्याची प्रचंड गुहा. तीस मजल्यांची इमारत उभी बुडेल एवढी.

मे १९७३ मध्ये नऊ जण त्यात उतरले. चौघे वर आले नाहीत. पाठीवर साधे हवेचे सिलिंडर होते, पण वर जायचा रस्ता दाखवणारी दोरी लावलेली नव्हती. ठरवले होते त्याहून ते खोल गेले, वाट चुकले आणि हवा संपली. १९६९ ते १९७४ या काळात त्या भागातल्या अशा पाण्यात अकरा जण गेले.

पोहता येत असताना माणसे मरतात कशी? दहा मीटर खाली गेले की शरीरावरचा दाब दुप्पट होतो, साठ मीटरवर सातपट. तेवढ्या दाबाखाली प्रत्येक श्वासाला सातपट हवा खर्च होते, म्हणजे वर तासभर पुरणारा सिलिंडर तिथे नऊ मिनिटेही पुरत नाही. त्यात हवेतला नायट्रोजन जास्त दाबाने रक्तात शिरला की दारूसारखी नशा चढते. साधारण तीस मीटरपासून ती जाणवू लागते. काटा दिसतो पण आकडा कळत नाही, आणि माणूस मजेत असतो. साखर एकदम उतरलेला पेशंट जसा ‘मला काही झालेले नाही’ म्हणत आपल्याशीच भांडतो, तसेच हे. धोका ओळखायचा तो मेंदूच आधी बधिर होतो.

पायाचा एक फटका चुकला तरी तळाचा गाळ उठतो आणि स्वतःचा हातही दिसत नाही. घाबरून माणूस भराभर, वरवर श्वास घेतो. त्याने कार्बन डायऑक्साइड नीट बाहेर पडत नाही, धाप आणि भीती दोन्ही वाढतात. वर छत असल्याने सरळ वर पळताही येत नाही. उघड्या पाण्यात घाईने वर आले तरी सोड्याची बाटली फोडल्यासारखे रक्तात बुडबुडे होतात. सांधे दुखतात, हातपाय बधिर होतात, कधी लकवाही होतो. त्यावर इलाज म्हणजे लगेच ऑक्सिजन आणि दाबाच्या खोलीत उपचार. मालिश करत बसू नये.

म्हणून सगळे निर्णय पाण्यात पाय घालण्याआधी घ्यायचे असतात. हवेचे तीन भाग करायचे: एक आत जायला, एक परतायला, एक अडचणीसाठी. बाहेरपासून आतपर्यंत अखंड दोरी हवी आणि प्रत्येकाकडे तीन दिवे. फार खोल जाणारे हवेत हेलियम मिसळतात, त्याने नशा कमी होते. १९७३ मध्येच तिथे गुहा-डायव्हरांची संघटना उभी राहिली. परीक्षा पास झालेल्यालाच, आणि त्याच्या पायरीप्रमाणेच, प्रवेश मिळू लागला. पोरांना असले टाळे जाचक वाटते, पण त्यानंतर तिथले मृत्यू फार थोडे झाले. थांबले मात्र नाहीत. २०११ मध्ये अॅग्नेस मिलोव्स्का ही नावाजलेली गुहा-डायव्हर तिथल्याच टँक केव्हमध्ये हवा संपून गेली.

आपल्याकडे सहलीला मालवण-तारकर्लीला जाणारी मुले आता स्कुबा करतात. ते उघड्या समुद्रात, फार खोल नसते, आणि करायला हरकत नाही. पण दमा, फिट किंवा हृदयाचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. सर्दीने कान बंद असतील तर त्या दिवशी पैसे गेले तरी चालतील, उतरू नका. दारू पिऊन तर नाहीच. वर येताना श्वास कधीही रोखू नका: दहा मीटरवर भरलेली छाती वर येईपर्यंत दुप्पट फुगू पाहते आणि फुप्फुस फाटू शकते. कान दुखला तर सोसत खाली जाऊ नका. तळहात आडवा धरून हलवा आणि कानाकडे बोट दाखवा, सोबतच्या डायव्हरला कळते. अंगठा मात्र दाखवू नका. पाण्यात त्याचा अर्थ ‘छान’ नव्हे, ‘वर चला’ असा होतो.