सुट्टीत दम का पळतो?

परीक्षा संपली की खो-खोचं मैदान ओस पडतं. जूनमध्ये तीच मुलं दुसऱ्या डावात धापा टाकू लागतात आणि 'आंबे खाऊन जड झाला' असा शेरा मिळतो. आंब्यांचा यात फारसा दोष नाही.

सराव थांबला की सगळ्यात आधी घटतो तो प्लाझ्मा, म्हणजे रक्तातला द्रवभाग. तोही काही दिवसांतच. मग हृदयाच्या एका ठोक्यात कमी रक्त बाहेर पडतं आणि तेवढ्याच धावण्यासाठी ठोके वाढवावे लागतात. स्नायूंची ताकद मात्र चिवट. ती काही आठवडे तरी तग धरते.

मग सुट्टीभर रोज मैदानावर घाम गाळायचा? मुळीच नाही. रॉबर्ट हिक्सन या अमेरिकी संशोधकाने १९८१ मध्ये काही जणांचा व्यायाम आठवड्यातल्या सहा दिवसांवरून चार किंवा दोन दिवसांवर आणला, पण जोर तोच ठेवला. १५ आठवड्यांनंतरही त्यांची ऑक्सिजन वापरण्याची कमाल क्षमता जवळपास टिकून होती. पुढे जोरच बराच कमी करून पाहिला, तेव्हा ती घसरली. हे प्रयोग मोठ्यांवरचे, तरी दिशा स्पष्ट आहे: रोज तासभर रेंगाळत पळण्यापेक्षा आठवड्यातल्या दोन-तीन सकाळी मोजकं पण जीव तोडून धावा.

मामाच्या गावी खळ्यावर, ऊन चढायच्या आत, शिवाशिवीचे आठ-दहा जोरकस डाव झाले तरी भागतं. परतल्यावर मात्र पहिल्या आठवड्यात निम्माच सराव द्यावा. वाढत्या वयातली हाडं एकदम वाढलेला ताण सहज सोसत नाहीत.