डोंगरातला मधुमेह

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

‘आदिवासीला कुठला मधुमेह? तो तर दिवसभर डोंगर चढतो,’ असे आपण सहज बोलून जातो. ऐकायला हे कौतुक वाटते. दवाखान्यात मात्र त्याचा पूर्वग्रह होतो. २०११ च्या जनगणनेनुसार नंदुरबार जिल्ह्यात दर दहा माणसांत सुमारे सात आदिवासी आहेत. त्यामुळे या पूर्वग्रहाची किंमत इथे मोठी आहे.

मधुमेह लठ्ठ, सुखवस्तू माणसालाच होतो, हे खरे नाही. कुपोषणात वाढलेल्या सडपातळ माणसालाही तो होतो. अशा मधुमेहाला आंतरराष्ट्रीय मधुमेह महासंघाने २०२५ मध्ये ‘टाइप ५’ म्हणून मान्यता दिली. अक्कलकुवा-धडगावच्या किडकिडीत रुग्णाला खूप तहान लागत असेल, वारंवार लघवी होत असेल, वजन घटत असेल, तर ‘अशक्तपणा आहे’ म्हणून त्याला टॉनिक देऊन परत पाठवू नये. आधी साखर तपासावी.

तपासणीतही एक मेख आहे. तीन महिन्यांची सरासरी सांगणारी ‘एचबीएवनसी’ चाचणी तांबड्या पेशींतल्या हिमोग्लोबिनला चिकटलेली साखर मोजते. निरोगी पेशी सुमारे १२० दिवस जगते. सातपुड्यात आढळणाऱ्या सिकलसेल आजारात ती लवकर नष्ट होते. साखर चिकटायला वेळच कमी मिळतो आणि आकडा फसवा, कमी येतो. नुसत्या वाहकांतही फरक पडू शकतो. अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या २०१७ च्या अभ्यासात वाहकांचा आकडा सुमारे ०.३ ने कमी दिसला. म्हणून अशा रुग्णांची उपाशीपोटी आणि जेवणानंतरची साखरही पाहावी. सिकलसेलचे कार्ड असेल, तर रुग्णाने ते आधी दाखवावे.

राहिला सल्ला. डोक्यावर हंडा घेऊन चढ चढणाऱ्या बाईला ‘रोज फिरायला जा’ सांगून काय उपयोग? त्यापेक्षा विचारावे : भाकरी कशाची, किती? सोबत डाळ-भाजी असते का? ऊसतोडीला गुजरातेत जाणार असाल, तर गोळ्या किती महिन्यांच्या देऊ? घरात फ्रीज नसेल, तर इन्सुलिन पाणी न शिरणाऱ्या डबीत घालून गार माठात कसे ठेवायचे, हे करून दाखवावे. मराठी पुरेशी कळत नसेल, तर भिली किंवा पावरी बोलणाऱ्या आशाताईंची मदत घ्यावी.

‘रुग्ण ऐकत नाही’ असा शेरा लिहिण्याआधी त्याला समजेल असे आपण बोललो का, हे पाहावे. नाहीतर पायाची जखम चिघळल्यावर किंवा दृष्टी गेल्यावरच निदान होते. आणि तेव्हा फार उशीर झालेला असतो.