सातवीतली मुलगी डोंगर चढते तेव्हा

शाळेची सहल गडावर निघाली की मुलाला आपण लगेच हो म्हणतो. मुलीला मात्र सांगतो, "तू नको, पडशील." त्यापेक्षा तिला डोंगरात चालायला शिकवूया.

पहिली वाट मळलेली, वर्दळीची असावी. सिंहगडाची आतकरवाडीची पायवाट तशी आहे. पावसाळ्यात दगड निसरडे होतात, म्हणून पहिली खेप थंडीत करावी.

पाठीवरची पिशवी तिनेच भरावी: दोन लिटर पाणी, गूळ-शेंगदाणे, टोपी, शिट्टी. पाळी सुरू झाली असेल तर पॅड आणि वापरलेले परत आणायला जुना कागद, पिशवीही. उतरताना पावले छोटी टाकावीत. कपारीत हात घालू नये, मधमाश्यांच्या पोळ्याजवळ दंगा नको.

आणि वाट चुकली तर? धावायचे नाही. जागीच थांबून तीनदा शिट्टी वाजवायची, जरा थांबून पुन्हा तीनदा. घाबरून धावणारे मूल शोधणाऱ्यांपासून दूर जाते. एका जागी थांबलेले लवकर सापडते. हे आधी अंगणात खेळासारखे करून घ्या.

येत्या रविवारी गावाजवळच्या टेकडीवर तिला घेऊन जा. पुढे तिला चालू द्या, आपण मागे राहा.