चुंबकीय दिशासापेक्षता : संहितेचे स्मरण आणि धातूंची सीमा

चंदीगडमधील सेक्टर २२ हा त्या नियोजित नगराच्या आरंभकाळात वसलेला विभाग होय. सुमारे ८०० मीटर रुंद आणि १२०० मीटर लांब अशा सेक्टरच्या आयतात बाजाराचा रस्ता एका दिशेने जातो आणि हिरवळीचा पट्टा त्याला छेदतो. दिशा बदलली की व्यवहारही बदलतो. याच बाजारातील इलेक्ट्रॉनिक वस्तूंच्या दुकानांत मिळणाऱ्या हार्ड डिस्कमध्ये दिशांचा असाच भेद संहिता राखण्याचे कार्य करतो.

चुंबकीय धातूचे चुंबकन काही दिशांना सहज वळते, काहींना अधिक ऊर्जा खर्च झाल्यावरच. या गुणास चुंबकीय दिशासापेक्षता म्हणता येईल. सहज अक्षाच्या दोन परस्परविरुद्ध दिशांना ० आणि १ असे अर्थ दिले की लेखन सिद्ध होते.

पातळ पटलात चुंबकन सामान्यतः पृष्ठभागाला समांतर राहते. कारण ते उभे झाल्यास दोन्ही पृष्ठांवर ध्रुव निर्माण होऊन ऊर्जा वाढते. तथापि पृष्ठावरील अणूला एका बाजूस सजातीय शेजारी नसतात. या भंगलेल्या सममितीतून स्वतंत्र दिशासापेक्षता उद्भवते, असे प्रतिपादन लुई नेएल यांनी १९५४ मध्ये केले. थर जितका पातळ, तितका त्यातील सीमावर्ती अणूंचा वाटा मोठा. १९८५ मध्ये पॅलेडियम आणि कोबाल्ट यांच्या एकाआड एक थरांत याचा ठळक प्रत्यय आला: कोबाल्टचा थर ०.८ नॅनोमीटरहून, म्हणजे सुमारे चार अणुथरांहून, पातळ होताच चुंबकन उभे राहिले. धातू तोच, सीमेने त्याचा कल पालटला.

या कलाचे महत्त्व स्मरणाच्या आयुष्यात आहे. चुंबकन उलटण्यास लागणारी ऊर्जा भोवतालच्या औष्णिक ऊर्जेच्या २० पट असेल, तर प्रचलित गणितानुसार नोंद सरासरी अर्धा सेकंदच टिकते. ४० पट असेल तर सुमारे साडेसात वर्षे. कण लहान केल्यास साठवण वाढते, पण हा अडथळा खचतो. म्हणून अधिक तीव्र दिशासापेक्षता हवी. २००५ पासून बाजारात आलेल्या उभ्या नोंदणीच्या हार्ड डिस्कमध्ये ती मुख्यतः कोबाल्ट-मिश्रधातूच्या स्फटिकरचनेतून मिळते. उलट, कोबाल्ट-लोह-बोरॉन आणि मॅग्नेशियम ऑक्साइड यांच्या सीमेवर ती निर्माण करता येते, हे जपानमधील संशोधकांनी २०१० मध्ये दाखविले. नव्या चुंबकीय स्मृतिचिपा या सीमेवरच आधारल्या आहेत.

तौलनिक साहित्याच्या अभ्यासकास ताडपत्र, कागद आणि शाई यांचे आयुर्मान पाठचिकित्सेत विचारात घ्यावे लागते. चुंबकीय माध्यमावरील संहितेलाही तोच न्याय लागू होतो. तेथे झीज अक्षर पुसट करून पूर्वसूचना देत नाही. एखादा कण उलटतो आणि ० च्या जागी १ येतो. म्हणून ठरावीक काळाने नवी प्रत करणे आणि ती मूळ प्रतीशी ताडून पाहणे, ही हस्तलिखितांच्या काळातील शिस्त येथेही अपरिहार्य ठरते.