नऊ बोटांचा नायक

गोष्टीतला राजपुत्र साहसाला निघतो तेव्हा त्याच्याजवळ घोडा असतो, तलवार असते आणि मुख्य म्हणजे ऐन तारुण्य असतं. बिल्बो बॅगिन्सजवळ यातलं काहीही नव्हतं. वय पन्नास, उंची तीन-साडेतीन फूट, सुटलेलं पोट आणि सकाळी दोनदा न्याहारीची सवय. घाईघाईत घराबाहेर पडला तो हातरुमालसुद्धा विसरून!

त्याचे जन्मदाते जे. आर. आर. टोल्किन हे ऑक्सफर्डमधले भाषेचे प्राध्यापक. १९३० च्या आसपास पेपर तपासताना कुणा विद्यार्थ्याने कोरं सोडलेलं पान हाती आलं आणि त्यावर त्यांनी बिळात राहणाऱ्या हॉबिटविषयी एक वाक्य लिहून टाकलं. हॉबिट म्हणजे काय, हे तेव्हा त्यांनाही ठाऊक नव्हतं. 'द हॉबिट' १९३७ साली आलं. प्रकाशक स्टॅन्ली अन्विन यांनी हस्तलिखित वाचायला दिलं ते आपल्या दहा वर्षांच्या मुलाला, अभिप्रायाची बिदागी एक शिलिंग. (मुलांच्या पुस्तकाचा परीक्षक मूलच असावं, ही चाल आपल्या प्रकाशकांनीही उचलावी.)

पुढची गोष्ट लिहायला सुमारे बारा वर्षं लागली. 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज' १९५४-५५ मध्ये तीन खंडांत निघालं. सारं जग गुलाम करू शकणारी अंगठी, ती जिथे घडली त्याच ज्वालामुखीत नेऊन टाकायची. नेणार कोण, तर बिल्बोचा वारस फ्रोडो. सोबत त्याचा माळी सॅम. योद्धे आणि जादूगार या कामाला चालत नाहीत, कारण ज्याच्या अंगी बळ जास्त, त्याला अंगठीचा मोहही जास्त.

मला सर्वांत जवळचा वाटतो तो सॅम. पाठीवर स्वयंपाकाची भांडी, जवळ मिठाची डबी. शेवटच्या चढाआधी ओझं हलकं करायला तो ती भांडी दरीत टाकून देतो, तेव्हा त्याच्या डोळ्यांत पाणी येतं. टोल्किन १९१६ मध्ये सोमच्या लढाईत होते. जिवलग मित्र त्यांनी त्या युद्धात गमावले. तिथे पाहिलेले साधे शिपाई आणि अधिकाऱ्यांची सेवा करणारे जवान यांच्यावरून सॅम घडला, असं त्यांनीच सांगितलंय.

आणि फ्रोडो? ज्वालामुखीच्या काठावर उभा राहून तो अंगठी टाकायला नकार देतो. माझी मुलगी आठवीत असताना इथवर पोचली आणि पुस्तक आपटून म्हणाली, "बाबा, हा तर हरला!" तिला म्हटलं, पुढे वाच. गोलम नावाचा अंगठीवेडा जीव फ्रोडोचं बोट दातांनी तोडतो आणि अंगठीसकट आगीत कोसळतो. त्या गोलमला आधी बिल्बोने आणि मग फ्रोडोनेही दया येऊन जिवंत सोडलेलं असतं.

रागावणारी माझी मुलगी एकटी नव्हे. फ्रोडोला सन्मान कसले देता, देशद्रोही म्हणून फाशी द्या, अशा अर्थाचं पत्र एका वाचकाने टोल्किनना पाठवलं होतं. टोल्किनचं म्हणणं असं, की अंगावर दरड कोसळून शरीर मोडलं तर आपण माणसाला दोष देत नाही. मग सोसण्यापलीकडच्या भाराने मन मोडलं तर का द्यावा? खंदकातून परतलेल्या माणसाचं हे उत्तर आहे. घरातल्या आजारपणाचा किंवा कर्जाचा भार वर्षानुवर्षं वाहून एखादा कर्ता माणूस शेवटी कोसळतो, तेव्हा "एवढंही जमलं नाही का?" म्हणणारे नातेवाईक आपण पाहिलेत. मला हे प्रकरण वाचताना दर वेळी ते आठवतात.

२००१ ते २००३ मधल्या पीटर जॅक्सनच्या तीन चित्रपटांनी ही कथा घरोघरी नेली, पण एक गोष्ट गाळली. पुस्तकात हे चौघे हॉबिट परततात तेव्हा त्यांचं गावच गुंडांनी लुबाडलेलं असतं. झाडं तोडलेली, घरं पाडलेली. गाव पुन्हा उभं राहतं. फ्रोडोची जखम मात्र दरवर्षी ठरावीक तारखेला ठणकते. अखेर तो जहाजाने कायमचा निघून जातो. त्याला निरोप देऊन सॅम दिवस मावळताना घरी येतो. घरात दिवा असतो, जेवण तयार असतं. बायको त्याला खुर्चीत बसवते आणि छोट्या मुलीला त्याच्या मांडीवर ठेवते.