आरोपपत्र नाही, चौकशी नाही, थेट शिक्षा!

आपल्या वस्त्यांतील मुले मोबाइलवर आणि संगणकावर लढाईचे खेळ खेळतात, हे कोणाही आई-बापापासून लपलेले नाही. या खेळांनी अभ्यासाचे किती नुकसान होते, यावर घरोघरी बोलले जाते आणि ते बोललेच पाहिजे. परंतु याच खेळांत एक अन्याय घडतो, त्याची चर्चा मात्र होत नाही. एके दिवशी मुलाच्या पडद्यावर सूचना येते की, तुम्ही लबाडी केली आहे, सबब तुमचे खाते बंद करण्यात आले आहे. लबाडी कोणती, केव्हा केली, पुरावा काय, याचा पत्ता नाही. वर्षानुवर्षे खेळून मिळविलेला दर्जा, पैसे भरून घेतलेल्या वस्तू, जमलेले सोबती, सारे एका क्षणात जाते. आणि घरात पहिला प्रश्न येतो, "खरं सांग, काय केलंस तू?"

हा निकाल बहुतेक वेळा माणूस देत नाही, यंत्र देते.

लबाडी पकडणारे यंत्र

भिंतीपलीकडचा शत्रू दिसावा, नेम आपोआप लागावा, यासाठी काही जण चोरटे प्रोग्रॅम वापरतात. त्यामुळे प्रामाणिक मुलांचा खेळ नासतो. म्हणून कंपन्या पहारेकरी प्रोग्रॅम बसवितात. तो खेळाच्या फाईली तपासतो, संगणकाच्या मेमरीत ओळखीच्या लबाडीच्या खुणा शोधतो, खेळाडूचा नेम माणसाच्या आवाक्यातला आहे का ते पाहतो. लाखो खेळाडूंवर माणसांनी नजर ठेवणे शक्य नाही, हे आम्हांलाही मान्य आहे. पण यंत्राला खूण तेवढी दिसते. ती खूण तिथे कशी आली, हे त्याला कळत नाही.

२०१० च्या जुलै महिन्यातील गोष्ट घ्या. अमेरिकेतील व्हॉल्व्ह कंपनीच्या यंत्राने 'कॉल ऑफ ड्यूटी : मॉडर्न वॉरफेअर २' हा खेळ खेळणाऱ्या सुमारे १२,००० जणांना लबाड ठरविले. झाले होते एवढेच की, कंपनीची स्वतःचीच यंत्रणा खेळाची फाईल बदलत असताना डिस्कवरची प्रत आणि मेमरीतली प्रत जुळली नाही. यंत्राला वाटले, खेळाडूनेच फाईलीत हात घातला. कंपनीचे प्रमुख गेब न्यूवेल यांनी माफी मागितली, बंदी उठविली आणि भरपाई म्हणून दुसरा एक खेळ फुकट दिला.

२०२३ च्या ऑक्टोबरमध्ये एएमडी या चिप बनविणाऱ्या कंपनीने खेळ चपळ चालावा म्हणून 'अँटी-लॅग प्लस' नावाची सोय दिली. ती सुरू करून 'काउंटर-स्ट्राइक २' खेळणाऱ्यांवर बंदी आली. कारण ही सोय खेळाच्या प्रोग्रॅममध्ये हात घालीत होती. एएमडीला ती मागे घ्यावी लागली आणि पुढे या खेळाडूंवरील बंदी उठविण्यात आली. नामांकित कंपनीने दिलेले बटण दाबले, हाच त्यांचा गुन्हा!

२०२४ च्या ऑक्टोबरमधील प्रकार तर याहून वाईट. 'कॉल ऑफ ड्यूटी'चे यंत्र मेमरीत काही ठराविक शब्द शोधते, हे एकाने हेरले. तो म्हणतो, तेच शब्द खासगी निरोपातून दुसऱ्याला पाठविले की, निरोप घेणाऱ्यावर बंदी येई. अशी हजारो माणसे आपण उडविली, असे त्याने सांगितले. कंपनीच्या म्हणण्याप्रमाणे थोडीच खाती बाधित झाली आणि ती परत देण्यात आली. आकडा कोणताही खरा असो, ज्यांनी काही केले नव्हते त्यांना शिक्षा झाली.

ही खाती परत मिळाली, कारण एकाच वेळी पुष्कळांची ओरड झाली. एकट्यादुकट्याचे काय? ब्रिटनमधील एका खेळाडूने अशा बंदीविरुद्ध दोन वर्षांहून अधिक काळ झगडा दिला आणि अखेर न्यायालयात दाद मागितली. कंपनीला पुरेसा पुरावा देता आला नाही, आणि २०२५ च्या सुरुवातीला त्याची सुटका झाली. आपल्या कामगाराच्या मुलाने एवढे दिवस कुठे आणि कसे झगडावे? शिवाय काही कंपन्या खात्याबरोबर यंत्रालाही बंदी घालतात. एकच संगणक तिघे भावंडे वापरतात, किंवा जुना विकत घेतलेला असतो. मग एकाचे पाप दुसऱ्याच्या माथी येऊ शकते.

आपली मोजपट्टी

आम्ही कारकुनी करणारी माणसे. सरकारी नोकराला कामावरून काढायचे तर त्याला आरोप कळवावे लागतात, चौकशी करावी लागते, म्हणणे मांडायची संधी द्यावी लागते. संविधानाच्या कलम ३११ मध्ये तसे लिहिले आहे. १९७८ मध्ये मनेका गांधी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने पासपोर्ट जप्त करण्याच्या बाबतीतही ऐकून घेण्याचे तत्त्व मानले. खासगी कंपनीला कलम ३११ लागू होत नाही, हे खरे. परंतु न्यायाचे तत्त्व काही कचेरीपुरते नसते.

आपल्या धम्मात तर ते कितीतरी जुने आहे. काही भिक्खू गैरहजर भिक्खूंविरुद्ध परस्पर ठराव करीत, तेव्हा भगवान बुद्धांनी त्यास मनाई केली, असे विनयपिटकातील चुल्लवग्गात आहे. तंटा मिटविण्याची पहिली रीत 'सम्मुखाविनय', म्हणजे समोरासमोर निवाडा. भिक्खू संघाला सभेचे नियम ठाऊक होते, याची आठवण बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ च्या घटना समितीतील भाषणात करून दिली होती.

कंपन्या म्हणतात, पुरावा सांगितला तर लबाडांना वाट कळेल. यंत्राचे गुपित कोणीच मागत नाही. तारीख सांगा, कोणत्या प्रकारचा आरोप ते सांगा, आणि तक्रार आली की, माणसाने ती फाईल पुन्हा पाहावी. एवढेच मागणे आहे. कारण शिक्का चिकटतो. व्हॉल्व्हच्या स्टीमवर बंदीची नोंद खेळाडूच्या पानावर साऱ्यांना दिसते. १८७१ च्या कायद्याने या देशात जमातीच्या जमाती जन्मतः गुन्हेगार ठरविल्या गेल्या. तो कायदा १९५२ मध्ये गेला, तरी शिक्का गेला नाही. त्या दुःखापुढे खेळातली बंदी फार लहान आहे. पण ऐकून न घेता शिक्का मारण्याची खोड तीच आहे, आणि ती आपण ओळखली पाहिजे. २०२५ च्या कायद्याने पैसे लावण्याच्या ऑनलाइन खेळांना बंदी घातली व ई-स्पोर्ट्सला मान्यता दिली. म्हणजे उद्या एखाद्या मुलाची स्पर्धाच या शिक्क्यामुळे हुकू शकते.

पालकांनी काय करावे?

प्रथम मुलाला जवळ बसवून शांतपणे विचारावे. त्याने खरोखर लबाडी केली असेल तर पंचशील काय सांगते, याची आठवण द्यावी. तिथे कंपनीला दोष देऊ नये. केली नसेल तर त्याच्या पाठीशी उभे राहावे. सूचनेचा फोटो, तारीख, वेळ, खात्याचे नाव, त्या वेळी यंत्रावर चालू असलेले इतर प्रोग्रॅम, पैसे भरल्याच्या पावत्या, हे सारे वहीत टिपून ठेवावे. कंपनीकडे थोडक्यात, शिवीगाळ न करता लेखी तक्रार करावी. आपल्या देशातील माहिती तंत्रज्ञान नियम, २०२१ प्रमाणे अशा कंपन्यांनी तक्रार अधिकारी नेमायचा असतो. त्याच्याकडून दाद लागली नाही तर केंद्र सरकारने २०२३ मध्ये नेमलेल्या तक्रार अपील समित्या आहेत. प्रत्येक पत्राची प्रत जपावी. आणि 'पैसे द्या, बंदी उठवून देतो' म्हणणाऱ्या दलालाला दारात उभे करू नये.

खाते परत मिळेलच, असे आम्ही म्हणत नाही. पण आरोप काय ते विचारायचे, पुरावा मागायचा आणि आपले म्हणणे लिहून द्यायचे, ही सवय मुलाला लागली तर ती पुढे शाळेत, कारखान्यात आणि कचेरीत कामाला येईल. मात्र त्याआधी आपण आपल्या घरात त्याचे ऐकून घेतले पाहिजे.

जयभीम!