मुक्कामाचा प्रश्न

पर्यटनाची गोष्ट निघाली की आपण प्रेक्षणीय स्थळांची मोजदाद करू लागतो. किल्ले किती, देवळे किती, तलाव किती! परंतु प्रवासी नुसते डोळे घेऊन येत नाही. त्याला पोट असते, दमलेले पाय असतात आणि रात्री पाठ टेकायला जागा लागते. ती जिथे मिळत नाही ते गाव तो पाहतो आणि निघून जातो. या निघून जाण्याची किंमत काय, याचा विचार येथे करावयाचा आहे.

आपला घोडबंदर रोडच घ्या. एका अंगाला येऊरचे जंगल, दुसऱ्या अंगाला खाडी आणि पश्चिम टोकाला, १७३७ साली मराठ्यांनी पोर्तुगीजांकडून घेतलेला घोडबंदरचा किल्ला. ठाण्याच्या पूर्वेकडील खाडीत रोहित पक्ष्यांचे थवे उतरतात. २०१५ साली तेथे अभयारण्य झाले आणि २०२२ मध्ये त्या पाणथळीला रामसर यादीत स्थान मिळाले. आता हे पक्षी भरती-ओहोटीच्या वेळा पाळतात, आपल्या लोकलच्या नव्हेत. जंगलातली पाखरेही पहाटे बोलतात. म्हणजे हे सारे नीट पाहायचे तर आदल्या रात्री येथेच राहिले पाहिजे.

मग खोल्या का पुरत नाहीत? पहिले कारण जमिनीचे. इमारतीतल्या सदनिका बांधकाम चालू असतानाच विकता येतात. हॉटेलात घातलेला पैसा मात्र एकेका रात्रीच्या भाड्याने, वर्षानुवर्षे परत येतो. जमीन महाग झाली की मालकाचा कौल कुणीकडे जाणार, हे सांगायला ज्योतिषी नको. दुसरे कारण मालाच्या स्वभावाचे. खोली हा भाजीपेक्षाही नाशवंत माल आहे. आज रिकामी राहिलेली रात्र उद्या विकता येत नाही. समजा, एका गावात शंभर खोल्या आहेत. शनिवारी दीडशे कुटुंबे येतात आणि मंगळवारी चाळीस. शनिवारच्या पन्नास कुटुंबांसाठी नव्या खोल्या बांधाव्यात, तर मंगळवारी एकशेदहा रिकाम्या पडतील! म्हणून मालक बांधत नाही, भाडे वाढवतो.

याचे ठळक उदाहरण शेजारीच घडले. जानेवारी २०२५ मध्ये नेरुळच्या क्रीडांगणावर 'कोल्डप्ले' या विलायती वाद्यवृंदाचे कार्यक्रम झाले. आदल्या सप्टेंबरात तिकिटे विकली जाताच आसपासच्या हॉटेलांचे दर अनेक पटींनी चढले. अशा वेळी श्रीमंत कसाही राहतो. बेत रद्द होतो तो मध्यम वर्गाचा. आणि नुकसान केवळ त्याचेच नव्हे. मुक्कामी पाहुणा रात्री जेवतो, सकाळी चहा घेतो, रिक्षा करतो, नाटकाला जातो, चार वस्तू विकत घेतो. दिवसाचा पाहुणा बहुधा डबा घेऊन येतो आणि मागे कचरा ठेवून जातो. गर्दी गावाची, कमाई दुसऱ्याची, असा हा व्यवहार होतो.

यावर उपाय आहेत. कोकणात घरातल्याच दोन खोल्या पाहुण्यांना देण्याची निवास-न्याहारी पद्धत रुजली आहे. नवी इमारत लागत नाही आणि मंगळवारी खोली रिकामी राहिली तरी घर बुडत नाही. सॅन फ्रान्सिस्कोत २००७ साली एका परिषदेच्या वेळी हॉटेले भरली, तेव्हा दोन तरुणांनी आपल्या घरात हवेच्या गाद्या घालून पाहुणे ठेवले. त्यातूनच पुढे 'एअरबीएनबी' उभी राहिली. महाराष्ट्र शासनानेही २०२० साली या व्यवसायाला उद्योगाचा दर्जा देण्याचे ठरविले. त्याचा हेतू वीज, पाणी, कर यांचा भार हलका करणे हा. सभा-परिषदा आठवड्याच्या मधल्या दिवशी भरविल्या, तर मंगळवारची रिकामी खोलीही कामी येईल.

परंतु एक सावधगिरी हवी. खोल्या हव्यात म्हणून येऊरच्या कुशीत शिरणे हा उपाय नव्हे. उद्यानाभोवतीचा पट्टा २०१६ साली पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून जाहीर झाला, तो उगाच नव्हे. ज्या झाडांसाठी पाहुणा येतो तीच तोडून त्याची खाट घातली, तर पुढल्या वर्षी खाट असेल, पाहुणा नसेल. खोल्या शहरात वाढाव्यात, जंगलात शांतता राहावी. पाहुण्याला एक रात्र ठेवून घेण्याची ऐपत ज्या गावाला आली, त्याच गावात हा धंदा रुजला असे म्हणता येईल.